झिनत मैफलीला जाते

रविवारी सकाळी साडेसहाला झिनत धुतलेली जांभळी साडी नेसून, डोक्यावर पदर घेऊन पडवीतल्या खुर्चीवर येऊन बसली. तिच्या लेकानं, झाकीरनं, तोवर टेंपोत पहिला स्पीकरही चढवला नव्हता. कार्यक्रम साडेदहाचा होता.

"अम्मी, चार तास हायेत अजून," झाकीर म्हणाला.

तिनं पदर सारखा केला. हल्ली ती बऱ्याचदा काही बोलायचीच नाही. कान गेल्यामुळं असेल, असं घरानं ठरवून टाकलं होतं.

वनमाला रिसबूड यांचं गाणं समोर बसून ऐकायचं, ही झिनतची एकच हौस पंचेचाळीस वर्षं राहून गेली होती. पहिल्यांदा वनमालाबाई कर्जतला आल्या तेव्हा झाकीर पोटात होता, थोरली मुनिरा पाच वर्षांची. झिनतचा नवरा मुझम्मिल तेव्हा तालुक्यातला एकुलता एक माइकवाला. भोंगे, बॅटऱ्या घेऊन तो गेला, आणि बायको घरात भाकऱ्या थापत बसली, कारण सासूनं नाही म्हटलं. दुसऱ्यांदा बाई खोपोलीला आल्या, त्याच दिवशी सासरा वारला. तिसऱ्यांदा तर मुझम्मिलनं स्वतः दोन पास आणून ठेवले होते, पण ते साल दोन हजार पाच. उल्हास नदी भिसेगावात शिरली आणि कार्यक्रमच रद्द झाला. त्यानंतर बाईंनी गाणं जवळजवळ थांबवलं. चार वर्षांपूर्वी मुझम्मिलही गेला. मरेपर्यंत तो येईल त्या पाहुण्याला एकच गोष्ट सांगायचा. पहिल्या कार्यक्रमानंतर बाईंनी त्याला बोलावून म्हटलं होतं, 'मुझम्मिलभाई, इतका स्वच्छ माइक मला कुठंच मिळाला नाही.'

आता त्र्याऐंशीच्या वनमालाबाई दहिवलीच्या एका मंडळाच्या आग्रहाखातर पुन्हा गाणार होत्या. आणि माइक होता 'मुझम्मिल साउंड सर्व्हिस'चाच. ऑर्डर झाकीरच्या मुलानं, तल्हानं, मिळवली होती. एरवी तो कळंबच्या रिसॉर्टांवर डीजे लावायचा आणि बापाच्या धंद्याला म्हातारा धंदा म्हणायचा. पण ही ऑर्डर त्यानं मनापासून आणली, दादीसाठी.

साडेसातला मुनिरा खोपोलीहून इको गाडी घेऊन आली. आल्या आल्या तिनं आईच्या कानाच्या मशीनच्या बॅटऱ्या बदलल्या, मशीन कानात बसवलं, आणि मग टेंपोशी येऊन उभी राहिली. ती भांडायला आलीय, हे झाकीरला तिच्या चपलांच्या आवाजावरून कळलं.

"मशीन डब्यात पडलं व्हतं. परत."

"ती घालत नाय, आपा. शिट्टी वाजते म्हणते."

"तुमी बसवून देत नाय म्हण. झाकीर, मी गेल्या महिन्यात बोलले त्याचा काय विचार केलास? अम्मीला मी नेते. तुझे भाऊजी कुवेतला, घरात मी आन माझी पोरगी नमिरा, दोघीच. शाळेचं काम संपलं की मी घरीच असते."

"दोन खोल्यांत?"

"दोन खोल्यांत माणसं ऱ्हात नाय का?"

झाकीरनं केबलची पेटी टेंपोत जरा जोरातच सरकवली. "पोरगा असताना आई पोरीच्या घरी गेली, तर लोक काय म्हणतील? आन तिलाच जायचं नाय. तिला इथंच बरं वाटतं."

"तू विचारलंस?"

"तू विचारलंस?"

मुनिरानं पडवीकडं पाहिलं. झिनत वीस-पंचवीस पावलांवर खुर्चीत बसून त्यांच्याकडंच बघत होती. तरी मुनिरानं आवाज खाली आणला. "तिला काय विचारायचं? तिला आता काय कळतंय? आपणच ठरवायचं ते."

---

दहिवलीच्या शाळेचं सभागृह नऊलाच निम्मं भरलं होतं. मंडळाच्या हर्षलाताई खुर्च्यांच्या रांगांतून धावत होत्या. झाकीरनं मिक्सर उजव्या भिंतीशी, हॉलच्या मध्यावर मांडला होता. पेटी आणि तबल्याचे माइक तपासून तो गायिकेच्या माइककडं वळला, तर तल्हा म्हणाला, "तो राहू द्या पप्पा. त्याचं मी बघतो."

"का रं?"

तल्हानं उत्तर द्यायच्या आत एक पन्नाशीचा, इस्त्रीच्या झब्ब्यातला गृहस्थ आला. वनमालाबाईंचा भाचा निशिकांत. त्यानं खिशातून पेन ड्राइव्ह काढून तल्हाच्या हातात दिला.

"नऊ गाणी आहेत. क्रम फोनवर पाठवलाय. आत्यांचा माइक गाण्यात बंद, मधे बोलतील तेव्हाच उघडायचा. पेटी-तबला हळूहळू वाजवतील, ते ट्रॅकखाली झाकून जाईल. जमेल ना?"

"टेन्शन नका घेऊ सर," तल्हा म्हणाला.

निशिकांत गेल्यावर झाकीरनं त्या पेन ड्राइव्हकडं बोट केलं.

"तुला हे आधीपासून माहीत व्हतं?"

"आठ दिवस."

"आन मला सांगितलं नाय."

"सांगितलं असतं तर तुमी ऑर्डर सोडून दिली असती." तल्हा खाली वाकून वायर जोडत होता. "पप्पा, सगळीकडं असंच चालतं. मोठमोठे लोक करतात. बाईंचं वय बघा. मागच्या वर्षी एका कार्यक्रमात त्यांचा आवाज फाटला, तर लोकांनी त्याचा व्हिडिओ करून गावभर फिरवला. त्या आठवडाभर जेवल्या नायत, सर सांगत व्हते. तुमाला परत तेच करायचंय?"

"तुझी दादी रेकॉर्ड ऐकायला आलीय का इथं?"

"दादीला छान आवाज ऐकायचाय. छान आवाजच येईल."

मुनिरा तेवढ्यात आईला पहिल्या रांगेत बसवून आली होती. तिनं दोघांचं ऐकून घेतलं, आणि झाकीरला वाटलं होतं ती आपली बाजू घेईल, तर ती म्हणाली, "तल्हा बरोबर बोलतोय."

"आपा!"

"काय आपा? अम्मीला अर्धं ऐकू येतं. फाटका आवाज अर्धा ऐकून तिच्या हाती काय लागणार? ती पंचेचाळीस वर्षं थांबलीय. खूश होऊन घरी जाऊ दे तिला. तुला अब्बांचा माइक जपायचाय, आन मला अम्मी."

झाकीर हॉलच्या बाहेर गेला, नळावर तोंड धुतलं, परत आला, पुन्हा बाहेर गेला. शेवटी एक कॉर्डलेस माइक हातात घेऊन तो सरळ मागच्या वर्गाकडं निघाला, जिथं बाईंना बसवलं होतं.

---

फळ्यावर कालची गणितं तशीच होती. लहान मुलांच्या बाकांच्या गर्दीत एका मोठ्या खुर्चीवर वनमालाबाई बसल्या होत्या. झाकीरनं त्यांना रेकॉर्डच्या वेष्टनावर पाहिलं होतं, काळ्याभोर अंबाड्याच्या, जरा तिरक्या मानेच्या. ही बाई हडकुळी होती, पांढरे केस कापून आखूड केलेले, पायांत मोजे. ती कोमट पाणी घोट घोट पीत होती.

"माइक हातात धरून बघता का? वजन झेपतं का ते," झाकीर म्हणाला.

त्यांनी तो घेतला, तोलला, परत दिला. "चालेल."

झाकीर हलला नाही. "मी मुझम्मिलचा मुलगा. मुझम्मिल साउंडवाला, भिसेगावचा. एकोणऐंशी साली तुमचा इथं कार्यक्रम झाला तेव्हा त्यांचा माइक व्हता."

बाईंनी कपाळाला आठ्या घालून आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं, हे त्याला दिसलं. मग त्यांनी मान हलवली. "नाही हो. खूप माइकवाले भेटले मला. गावोगाव."

"तुमी त्यांना म्हणाला व्हतात, इतका स्वच्छ माइक कुठंच मिळाला नाही."

बाई किंचित हसल्या. "ते मी सगळ्यांनाच म्हणायची. म्हटलं की पुढच्या वेळी मन लावून काम करायचे बिचारे."

झाकीर तिथंच उभा राहिला. त्याच्या लग्नात, मुनिराच्या लग्नात, दुकानाच्या उद्घाटनाला, दवाखान्याच्या खाटेवर बापानं सांगितलेली ती गोष्ट त्याच्या डोळ्यांसमोरून गेली. राग यावा असं बाई काही बोलल्याही नव्हत्या.

"आणि ते ट्रॅकचं..." तो म्हणाला.

"निशिकांत सांगेल तसं करा." त्यांनी खिडकीकडं तोंड फिरवलं. "मला ठाऊक आहे सगळं. मी काही लहान नाही."

झाकीर हॉलमध्ये परतला. तल्हाला म्हणाला, "लाव तुझा ट्रॅक." पोरगा चकित होऊन बापाकडं बघत राहिला. जिंकल्यासारखं त्याला अजिबात वाटलं नाही.

---

पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा चारशे माणसांनी एकाच वेळी श्वास सोडला. स्पीकरमधून चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या वनमालाबाई गात होत्या आणि मंचावर आजच्या वनमालाबाई माइक धरून ओठ हलवत होत्या. मागून 'वा!' आलं. कुणीतरी डोळे पुसले. हर्षलाताई दारात उभं राहून हात जोडत होत्या.

झाकीरला मात्र खुर्चीत बसवेना. फेडरवर, आवाज कमी-जास्त करायच्या त्या सरकपट्ट्यांवर, करण्यासारखं काहीच नव्हतं, ट्रॅक आपला आपण चालला होता. गायिकेच्या माइकचा फेडर खाली, शून्यावर. एवढ्या वर्षांत समोर माणूस गात असताना तो फेडर खाली आहे, असं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्यानं दोनदा हेडफोन लावला, दोनदा काढला. तल्हानं त्याच्याकडं पाहिलं आणि नजर फिरवली.

तिसरं गाणं संपलं. टाळ्या चालू असतानाच पहिल्या रांगेतून झिनत उठली. मुनिरा तिचा हात धरायला गेली, तिनं तो झटकला. खुर्च्यांच्या कडेकडेनं, भिंतीला धरत ती मिक्सरपाशी आली आणि झाकीरच्या पुढ्यात उभी राहिली.

"ही बाई गात नाय," ती म्हणाली.

"हळू, अम्मी. गातेय की. तुला मशीनमुळं जरा..."

"ऐकू येतंय म्हणूनच सांगते. आवाज येतो. पण ती श्वास घेते तवा पण गाणं चालूच ऱ्हातं. दोन जागी तिचे ओठ मागं पडले. एका जागी ओठांवर दुसराच शब्द व्हता."

"तुला एवढं दिसतं?"

"तीन वरसं मी दुसरं करते काय?" झिनत म्हणाली. "तुमचे ओठच बघते. कोण बोलतं माझ्याशी नीट? कुणी मोरीतून बोलतं, कुणी पाठ करून बोलतं. मग जेवढी तोंडं दिसतात तेवढी वाचते. सकाळी टेंपोमागं तू आन मुनिरा काय बोललात ते पण वाचलं."

मुनिरा तिच्यामागं येऊन पोचली होती.

"तू म्हणालास, लोक काय म्हणतील. ही म्हणाली, तिला आता काय कळतंय."

चौथ्या गाण्याची सुरावट सुरू झाली. तल्हानं बटण दाबलं होतं, पण त्याचं लक्ष दादीकडंच होतं. झाकीरला मान वर करवेना. आईनं त्याच्या हनुवटीला बोट लावून तोंड आपल्याकडं वळवलं, लहानपणी खोटं पकडताना वळवायची तसं.

"खरं सांग. गाते का ती?"

"नाय," झाकीर म्हणाला. आवाज फुटलाच नाही, पण आईला तो लागत नव्हता. तिनं ओठांवरून घेतलं.

"मला तिला भेटायचंय," ती म्हणाली.

---

पाचव्या गाण्यानंतर पंधरा मिनिटं चहाची सुट्टी होती. वर्गाच्या दारात निशिकांत आडवा उभा राहिला. "आत्या विश्रांती घेतायत. सह्या नंतर."

"सही नको," झिनत म्हणाली. "सही घेऊन काय करू? मला वाचता येत नाय." आणि त्याच्या हाताखालून ती आत गेली. मागोमाग मुनिरा, झाकीर, आणि मिक्सर सोडून आलेला तल्हा.

झिनतनं लहान मुलांचा एक बाक ओढला आणि ती बाईंच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली.

"मी रेकॉर्ड नाय ऐकायला आले," ती म्हणाली. "रेकॉर्ड माझ्या घरी हाय. तुमी माझ्या घरात पंचेचाळीस वरसं गाताय. आज मी घरातून बाहेर आले."

वनमालाबाईंनी आधी भाच्याकडं, मग झाकीरकडं पाहिलं. त्यांच्या गालांवर रंग चढला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमीच. तुमच्या तोंडानं."

"समजलं ना, मग झालं." बाईंचा आवाज चढला, आणि चढताना चिरकला. "हा असा आवाज आहे आता. ऐकलात? हा ऐकायला लोक येत नाहीत. लोक हसायला येतात, फोन वर धरतात."

"मला पण ऐकू येत नाय आता. अर्धंच येतं. म्हणून मी यायची ऱ्हायले का?"

"तुमचं ऐकणं कुणी बघत नाही. माझं गाणं सगळे बघतात."

"बघतात की," झिनत म्हणाली. "मी 'काय?' म्हटलं की घरात सगळे एकमेकांकडं बघतात. म्हणून मी आता 'काय' म्हणायचंच सोडून दिलं. गप बसते. ते बरं, असं वाटायचं मला." ती थांबली. "बरं नाय ते."

मुनिरानं भिंतीकडं तोंड केलं. खिडकीबाहेर चहाच्या कपांचा आणि माणसांचा गलका चालू होता.

"तुम्ही मला भरीला घालताय," वनमालाबाई म्हणाल्या.

"व्हय."

"आत्या, अजिबात नाही," निशिकांत पुढं झाला. "मागच्या वेळचं विसरलात? डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलंय. गाऊ नका हे तू सांगितलंस." बाईंनी कोमट पाण्याचा पेला बाजूला ठेवला. निशिकांतचा चेहरा उतरला, तसा त्यांनी त्याचा हात धरला. "माझ्यासाठीच सांगितलंस, माहीत आहे मला. पण मी गेल्या वर्षभरात घरीसुद्धा तंबोरा काढला नाही रे. एक गाणं. फक्त एक. पेटीवाल्यांना म्हणावं, पट्टी चांगली खाली घ्या." मग झाकीरकडं वळून म्हणाल्या, "तुमचा माइक चालतो ना, की तोही नुसता हातात धरायचाय?"

झाकीर काही बोलायच्या आत तल्हा म्हणाला, "चालतो, आजी. मी उघडतो."

---

सुट्टी संपली तेव्हा तल्हा मिक्सरवर नव्हता. तो रांगारांगांतून फिरत होता. "काका, फोन खाली ठेवा, प्लीज. ताई, रेकॉर्डिंग नको. हो, सगळ्यांनाच सांगतोय." एकानं वाद घातला तर त्यानं हात जोडले. आठ दिवस बापापासून गोष्ट लपवणारा हाच पोरगा, हे झाकीरला क्षणभर खरं वाटेना.

तल्हा परत आला आणि फेडरवर बोट ठेवून थांबला. "पप्पा, उघडू?"

"उघड."

फेडर वर गेला आणि आधी फक्त श्वास ऐकू आला. म्हातारा, जडसा, थोडा घरघरणारा. झाकीरनं एको, म्हणजे आवाजाचा घुमारा, जरा वाढवला. नंतर कमी केला. नंतर अगदी थोडा ठेवला. उघडं कुणालाच उभं करू नये, असं त्याला वाटलं.

"पैलाडीला दिवा लागला," बाईंनी सुरुवात केली, आणि 'दिवा'वर आवाज फाटला.

हॉलमध्ये चुळबूळ झाली. लोकांना कळेना की चहाच्या सुट्टीत असं काय झालं. मागच्या रांगेत दोन मुली फिसकन हसल्या, कुणीतरी त्यांना दटावलं. एक जोडपं उठून गेलं, खुर्च्यांचा आवाज करत. बाईंनी ते पाहिलं. त्यांनी ओळ पुन्हा घेतली, आणखी खालून, आणि या वेळी ती कशीबशी पार पडली.

हे गाणं झाकीरला श्वासासकट पाठ होतं. रेकॉर्डवर कुठं जागा घेतली आहे, कुठं सूर लांबतो, सगळं. आज त्यातलं एकही त्याच्या जागेवर येत नव्हतं. दर ओळीला त्याचं अंग आधीच आखडायचं, आता पडतील, आता पडतील म्हणून. पाहणं नको वाटत होतं आणि नजरही हलत नव्हती. दुसऱ्या कडव्यात बाई मधेच थांबल्या. लोकांना वाटलं संपलं. टाळ्या झाल्या, सुटल्यासारख्या, जोरजोरात.

बाईंनी हात वर केला. "टाळ्या नकोत. अजून एक कडवं आहे. शब्द आठवत नाहीत, थांबा."

त्यांनी पिशवीतून वही काढली, चष्मा लावला, पानं उलटली. चारशे माणसं पानं उलटण्याचा आवाज ऐकत बसली, कारण माइक चालू होता. झाकीरनं तो खाली केला नाही. मग त्या वहीत बघून, जवळजवळ बोलल्यासारखं, शेवटचं कडवं म्हणू लागल्या. खालच्या सुरावर एका जागी आवाज टेकला आणि तिथं तो हलला नाही. रेकॉर्डवरच्या पोरीकडं हा सूर नव्हताच. तेवढीच एक जागा. पुढची ओळ पुन्हा घसरली, आणि गाणं संपलं.

या वेळच्या टाळ्या वेगळ्या होत्या. काही जण उभे राहिले, काही जण एकमेकांकडं बघत बसून राहिले. पहिल्या रांगेत झिनत पुढं वाकून, कानामागं तळहात धरून, सगळ्यांच्या देखत बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. हात कानामागून काढला की काहीतरी सुटेल, असं वाटल्यासारखी ती बराच वेळ तशीच होती.

बाकीची तीन गाणी बाईंनी गाळली. निशिकांतनं उरलेल्या वेळात त्यांची मुलाखत घेतली, आणि ती त्यानं चांगली घेतली.

---

एकच्या सुमाराला हॉल रिकामा झाला. मंडळाची माणसं खुर्च्या एकात एक घालत होती. झिनत मंचाच्या पायरीवर बसली होती, शेजारी मुनिरा. झाकीर खाली वाकून केबल गुंडाळत होता.

"कशी वाटली?" त्यानं विचारलं. मग त्याच्या ध्यानात आलं, आणि त्यानं मान वर करून पुन्हा विचारलं.

"थकलीय," झिनत म्हणाली. "सूर जातो तिचा. आन तुझा बाप सांगायचा, फार गरीब स्वभावाची हाय म्हणून. कुठली गरीब? चांगली खाष्ट हाय." ती हसली. तिचं असं हसणं घरात कुणी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. "मला आवडली."

बापाच्या त्या गोष्टीचं काय झालं, हे झाकीर तिला सांगणार होता. सांगितलं नाही. पुढंमागं सांगेल, किंवा नाही सांगणार.

"अम्मी," मुनिरा म्हणाली, "सकाळी मी जे बोलले..."

"बोललीस ते बोललीस." झिनतनं तिच्या मांडीवर हात ठेवला. "झाकीर, मी मुनिराकडं जाते ऱ्हायला."

केबल झाकीरच्या हातात थांबली. मुनिराही आईकडं बघत राहिली. महिनाभर तिनं याच्यासाठी भांडण मांडलं होतं.

"सकाळी मीच तुझ्यासाठी भांडत व्हतो," झाकीर म्हणाला. "तुला आपल्या घरात बरं वाटतं म्हणून."

"तुला बरं वाटतं." झिनतच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "घर मोठं हाय तुझं. तू दुकानात, सून वरच्या मजल्यावर, तल्हा कानात बोंडं घालून. मी एका खोलीत बसते, बोलणारा दुसऱ्या खोलीत. मुनिराच्या दोन खोल्या हायेत. ती लई बोलते, मला ठावं हाय. कधी वाकडं पण बोलते. पण तोंडासमोर बोलते. तिथं जागाच नाय तोंड फिरवायला."

मुनिराला हसू आणि रडू एकदम आलं.

तल्हा मिक्सरची पेटी घेऊन मधेच उभा होता. तो म्हणाला, "दादी, मी दर रविवारी येईन." पण तो मागून बोलला, आणि दादीनं वळून पाहिलं नाही. त्याच्या ते लक्षात आलं. त्यानं पेटी खाली ठेवली, आणि ठेवून तिथंच उभा राहिला, बापाकडं बघत.

झाकीर केबलकडं बघून काहीतरी पुटपुटला. घर तुझंच आहे, असं काहीतरी. ते कुणालाच नीट ऐकू गेलं नाही, झिनतला तर नाहीच. ती वाट बघत होती, त्याच्या डोक्यावरच्या विरळ केसांकडं बघत.

मग तो उठला. गुंडाळलेली केबल त्यानं बाजूला ठेवली, हात पँटला पुसले, आणि एकात एक घातलेल्या खुर्च्यांतली एक सोडवून आणली. आईच्या समोर, खिडकीचा उजेड आपल्या तोंडावर पडेल अशी मांडली. बसला. घसा साफ केला.

"क-धी जा-यचं, अम्मी?" त्यानं एकेक अक्षर सुटं करून विचारलं.

"असं तोंड वासून नको बोलू," झिनत म्हणाली. "मी खुळी नाय. रोजच्यासारखं बोल."

झाकीरनं पुन्हा विचारलं, रोजच्यासारखं.

"बुधवारी," ती म्हणाली. "आन सोडायला तूच ये."